जुमाबेकचं मत

पाच वर्षांपूर्वी त्या नव्या मध्यममार्गी पक्षाला आमच्या नारीन शहराकडच्या गावात एकच मत पडलं. ते जुमाबेकचंच, असं गावाने ठरवून टाकलं, कारण तोंडावर बोलणारा तोच. "काय पक्षाध्यक्ष, सभा कधी?" लोक चिडवायचे. मग लग्नाकार्यात त्याला बोलावणं बंद झालं. मीही त्याच्या दारावरून खाली बघत जायचो. तो कधी काही बोलला नाही. या वसंतात तो गेला.

यंदा तो पक्ष देशभर जिंकत गेला. आमच्या गावात मात्र पुन्हा एकच मत. लोक एकमेकांकडे संशयाने बघू लागले.

दुसऱ्या दिवशी जुमाबेकची बायको बुरुल शाळेत आली.

"गुरुजी, यांनी तेव्हा सगळ्यांसारखं जुन्या पक्षालाच मत दिलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, मला एकटं राहायची सवय आहे, गुरुजींना जमायचं नाही."

ती जायला उठली.

"काळजी करू नका, गुरुजी. यंदाचं मत माझं, असं मी नळावर सांगून आलेय."