बाईंसारखा झगा

साक्षरता वर्गाला दहा वर्षं झाली म्हणून मंगळवार पेठेतल्या जुन्या विद्यार्थिनींनी भेटायचं ठरवलं. शिंत्रे बाई शिकवायला यायच्या त्या ढगळ, घेरदार झग्यात, गळ्यात लाकडी मण्यांची माळ घालून. बाईंचा मान म्हणून सगळ्यांनी तसंच यायचं ठरलं.

सत्तरीच्या धोंडुबाईंनी जन्मात लुगड्याखेरीज काही अंगाला लावलं नव्हतं. नातीचे चार झगे घालून काढून झाले. पाचव्याला त्या आरशासमोर थबकल्या.

"अनुजा, ही तर गोधडी हाय की गं."

"आज्जे, बाईंचा असलाच होता."

"आन् बाईच हसल्या म्हंजे?"

"मग ये माघारी. तुझं लुगडं कुठं पळून जातंय?"

धोंडुबाईंनी तरी लुगड्याची घडी पिशवीत घातलीच.

वर्गात पोचल्या, तर बाकीच्या आठही जणी रंगीबेरंगी झग्यांत अंग चोरून बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या मांडीवर एकेक फुगलेली पिशवी. धोंडुबाईंना धीर आला.

तेवढ्यात बाई दारात आल्या. इरकली नऊवारी, डोईवर पदर, नाकात नथ.

"तुमच्यासारखं दिसावं म्हणून सकाळपासून नेसतेय," त्या म्हणाल्या, आणि उंबरा ओलांडताना त्यांचा कासोटाच सुटला.

कुणी कुणाला हसावं कळेना. धोंडुबाई झगा सावरत उठल्या आणि त्यांनी बाईंचा कासोटा हातात धरला.

"बाई, लाजायचं न्हाय. आमास्नी नुसता 'अ' काढायला म्हैना लागलता. चला, पयल्यापासनं."