उपाशीपोटी

अर्धशिशीमुळे डॉक्टरांनी क्लेमेंटीनला उपाशीपोटी रक्त तपासायला सांगितलं होतं. पापडी गावातल्या लॅबमधल्या संपदानं रक्ताची नळी उजेडात धरली. रक्तावर साचलेलं, एरवी पिवळसर असणारं पाणी नारळाच्या रसासारखं पांढरं होतं. “रात्री तेलकट जेवलात?” “घासही नाही. डोकं ठणकत होतं, काळोखात पडून होते.” “मग रक्तात एवढी चरबी कशी? उद्या परत या.” क्लेमेंटीनला कालचं ताट आठवलं. काल मृतांचा स्मरणदिन होता. घरच्या रिवाजाप्रमाणे तिनं वारलेल्या सासूबाईंसाठी नारळाच्या रसातलं मटण ताटात झाकून ठेवलं होतं. सासूबाईंनाही अर्धशिशी होती. घरी येऊन तिनं झाकण उचललं. ताट रिकामं होतं. कडेला लवंगा ओळीनं मांडल्या होत्या, सासूबाई मांडायच्या तशा. “आज पुन्हा ताट वाढू नकोस,” रिकामं ताट बघून नवरा म्हणाला. सकाळपासून तिचं डोकं शांत होतं. संध्याकाळी डावं कानशील पुन्हा ठणकू लागलं. क्लेमेंटीननं गुपचूप सासूबाईंचं ताट वाढायला घेतलं.