ओंजळभर तूर

"आजी, उभं पीक वाळवणाऱ्या मर रोगाशी झुंजणाऱ्या जनुकांचं अख्खं घराणं तुह्या तुरीच्या भरडलेल्या दान्यांत सापडलं!" कृषी विद्यापीठात शिकणारी साधना उंबऱ्यातूनच ओरडली.

"सापडनारच! तूर कोनाची हाय?" प्रयागबाईनं मान ताठ केली. यंदाच्या पुरात तिचं वावर खरडून गेलं होतं, मडक्यातलं बीही कुजलं होतं.

"आता मागच्या साली तू दिलेल्या ओंजळभर दाण्यांवरच सारी मदार. पन काही केल्या त्यातला एकही उगवून नाही राह्यला. काहून गं?"

प्रयागबाईची नजर चुलीकडं गेली. नात झाली तरी उद्या परक्या घरी जाणार, तिच्यामागं आपलं बी जायले नको, म्हणून देण्याआधी तिनं ते दाणे तव्यावर अलगद शेकले होते.