चुकून राहिलेले कलम

सतरावे कलम तिथे असायला नको होते. तिने पान खाली सरकवले, पुन्हा वर आणले, पुन्हा वाचले. ‘लॉन्ड्रीच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एक दिवस आई किंवा वडिलांच्या सहवासासाठी भरपगारी रजा मिळेल. कारण विचारले जाणार नाही.’

वाक्य तिचेच होते. पण ते तिने लिहिले होते एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीसाठी. तिथे माणसे सात आणि मालक हळवा. पुढे लॉन्ड्रीची नियमावली तिने त्याच मसुद्यावर बेतली. नाव बदलण्याची आज्ञा मिळताच संगणकाने जुन्या कचेरीचे नाव ओळीओळीतून पुसले आणि लॉन्ड्रीचे नाव बसवले, या कलमातही. परके मूल नव्या घरचे आडनाव लावून निमूट जेवायला बसावे, तसे ते कलम तीन महिने तिथे बसून होते. आज तिसऱ्या कोणासाठी मसुदा उघडला, म्हणून ते दिसले.

लॉन्ड्रीत साठ माणसे होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी तिथली यंत्रे एक दिवसही थांबत नसत. नियमावली मागताना मालकीणबाईंनी एवढेच सांगितले होते, “शिस्त हवी. लाड नकोत.”

“गप्प बस,” सगळे ऐकून नवरा म्हणाला. “नियमावली वाचतं कोण गं? फ्रिजबरोबर पुस्तक येतं ना, त्यातलाच प्रकार.”

“म्हणजे वर्षभर मी फ्रिजची पुस्तकं लिहितेय?”

“तसं नाही गं.” तो जरा घुटमळला. “फार चांगल्या फ्रिजची.”

तिला हसू आले. पण तिने मसुदा बंद केला नाही. नोकरी सोडून हे काम स्वतःच्या हिमतीवर सुरू केल्याला जेमतेम वर्ष झाले होते. मालकीणबाई लॉन्ड्रीचालकांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या आणि सोमवारच्या बैठकीत तिचे नाव सुचवणार होत्या. गप्प राहिले, तर दहा नवी कामे. बोलले, तर हातचेही जायचे. तरी तिच्या धंद्यात विकण्याजोगे दुसरे होते काय? लिहिलेला प्रत्येक शब्द जाणूनबुजून लिहिलेला आहे, एवढी हमी. तिने सतरावे कलम गाळून पान नव्याने छापले आणि ती निघाली.

लॉन्ड्रीत वाफ दाटली होती. दोन बायका एक चादर चारही टोकांनी धरून झटकत होत्या. क्षणभर ती हवेत फुगली, एखादे वाक्य सुचता सुचता राहावे तशी थबकली आणि मग शहाण्यासारखी घडीत उतरली. चाळिशीचा व्यवस्थापक बाह्या सरसावून एका बंद यंत्रापाशी उकिडवा बसला होता.

“मॅडम आत आहेत,” तो आवाज उतरवून म्हणाला. “पण सकाळपासून दोन यंत्रं बंद आहेत. जरा जपून.”

“आणि चूक कबूल करायची असेल तर?”

“मग दाराजवळची खुर्ची धरा. पळायला बरी.”

मालकीणबाई पासष्टीच्या. नवऱ्यामागे एका यंत्रावर त्यांनी हा सारा पसारा उभा केला होता, आणि त्या वर्षांचा ताठरपणा अजून त्यांच्या पाठीत होता. त्यांनी मान वर केली नाही. तिने एका दमात सगळे सांगून टाकले: कचेरी, मसुदा, नाव, कलम. नवे पान टेबलावर ठेवले.

“एवढं पान बदलून घ्या. चूक सर्वस्वी माझी. बैठकीत माझं नाव नाही सुचवलंत, तरी मला वाईट वाटणार नाही.”

शेवटचे वाक्य खोटे होते.

“बाकीचंही असंच कुठून उचललंय?”

“नाही. बाकीचं इथं आठवडाभर बसून लिहिलंय.”

“ते कळतं.” मालकीणबाईंनी खण उघडला. एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला. “त्या कलमाखाली आजवर हा एकच अर्ज आलाय.”

अर्ज दोन ओळींचा होता. खाली व्यवस्थापकाची सही; त्याखाली मंजुरीची, मालकीणबाईंची.

“ऐन कामाच्या दिवसांत आला. मी चिडले. म्हटलं, याला आत्ताच कुठे जायचंय? पण विचारायची सोय नव्हती. तुम्हीच लिहून ठेवलंय ना, कारण विचारायचं नाही म्हणून. केली सही.”

“म्हणूनच हे पान आणलंय,” ती ओशाळून म्हणाली.

“ते घेऊन जा परत.” मालकीणबाईंनी ते पान वाचलेसुद्धा नाही. “सोमवारी तुमचं नाव मी सांगणार आहे. मात्र आमच्या लोकांना काही लिहून द्याल, त्यात हे कलम हवंच. चुकून नको. मुद्दाम घाला.”

तिने पान उचलून घेतले.

“त्या दिवशी सकाळी नेहमीसारखी निघाले,” मालकीणबाई म्हणाल्या, “तर हा माझ्या दारात आडवा उभा. म्हणतो, चप्पल काढ. आज कुठे जायचं नाही.” त्यांनी चष्मा उतरवला आणि पदराने काचा पुसू लागल्या, आधीच स्वच्छ असलेल्या. “सही करताना माझ्या डोक्यातच आलं नाही हो, की त्याची आई म्हणजे मीच.”