वहिनी का गेली

"वहिनी, मालिकेत तुम्ही गेलात ना, त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही," डॉक्टर माईकजवळ सरकत म्हणाला.

रेकॉर्डिंग त्याच्या दवाखान्यातच चालू होतं. आठवडाभर तो लोकांचे दात काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी एक्स-रेच्या खोलीचं दार लावून आपल्या भाषेतल्या जुन्या मालिका-सिनेमांवर पॉडकास्ट करायचा. देश सोडून आलेली आपली माणसं गाडी चालवताना, भांडी घासताना ते ऐकायची आणि हळवी व्हायची.

समोर बसलेल्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत. तिकडे एका गाजलेल्या मालिकेत त्यांनी थोरल्या वहिनीचं काम केलं होतं. आता त्या इथे मुलाकडे असत, नातवंडं सांभाळत. भाजी घेताना अजूनही कोणीतरी ओळखायचं आणि हातातली पिशवी खाली ठेवून बघत राहायचं.

"लोक आजही विचारतात," डॉक्टर म्हणाला. "इतकी लाडकी वहिनी, तिला का मारलं?"

वहिनींनी एक श्वास घेतला.

"वहिनी मेली नाही रे. तिला काढून टाकलं."

मग त्या बोलत गेल्या. धाकट्या नणंदेचं काम करणारी पोर शाळा संपवून नुकती आलेली. सेटवर सगळे तिला धाकटीच म्हणत. शूटिंग आटोपलं की दिग्दर्शक तिला तालमीसाठी वरच्या खोलीत थांबवून घ्यायचा. एका संध्याकाळी ती जिन्यात बसलेली सापडली. तोंडातून शब्द फुटेना. वहिनींनी तिचा हात धरला आणि तशीच तिला निर्मात्यापुढे नेऊन उभी केली. निर्मात्याने ऐकून घेतलं, चहा मागवला, बघतो म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात वहिनींच्या हातात मरणाचा प्रसंग आला. मालिकेतली धाकटी शिकायला परगावी गेली, असं एका वाक्यात उरकलं.

"तुम्ही सगळे रडलात," वहिनी म्हणाल्या. "आम्हा दोघींना मात्र पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही."

"दिग्दर्शक म्हणजे आपले सर?" डॉक्टरने विचारलं.

"तेच."

वहिनी पुढे म्हणाल्या, "परवा धाकटीला फोन केला होता. म्हटलं, आता बोलू का? इथे मला कोण काय करणार आहे? ती म्हणाली, बोला, मी ऐकेन."

दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या डॉक्टरने माईक बंद केला आणि वहिनींना घरापर्यंत सोडलं. वाटेत तो फक्त हवेबद्दल बोलला.

भाग आला त्या दुपारी सुनेने जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला आणि आवाज मोठा केला. वहिनी हात पुसत येऊन बसल्या. चूल न पेटल्याचं आलं. प्रश्न आला, तिला का मारलं? त्यापाठोपाठ त्यांचा स्वतःचा श्वास ऐकू आला. आता, असं त्यांना वाटलं.

आणि फोनमधल्या वहिनी खळखळून हसल्या.

"लेखकाची मर्जी, दुसरं काय!" डॉक्टरचा आवाज म्हणाला, आणि गप्पा मालिकेच्या शीर्षकगीताकडे वळल्या.

ते हसणं भलत्याच ठिकाणचं होतं. ऐन रडण्याच्या प्रसंगात सेटवरचं मांजर मांडीवर येऊन बसलं होतं, तो किस्सा सांगताना त्या तशा हसल्या होत्या. किस्सा भागात कुठेच नव्हता. हसणं तेवढं उचलून इथे लावलं होतं. जोड कळतही नव्हता.

"किती गोड हसलात, आई," सून म्हणाली.

वहिनी आपला फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी डॉक्टरला लावला. त्याने लगेच उचलला. वाटच बघत असावा.

"रागावू नका, वहिनी. सर आपल्या मंडळाच्या मेळाव्याला येताहेत. पत्रिका छापून झाल्यात. आणि खरं सांगू का, आमच्यासाठी ती मालिका म्हणजे घर आहे हो. इतक्या लांब येऊन तेवढंच उरलंय. तेही काढून घेता का आमच्याकडून?"

"घर तुमचं होतं," वहिनी म्हणाल्या. "आम्ही तिथे कामाला होतो."

तो म्हणाला, "बघतो मी, पुढेमागे काय करता येईल ते."

फोन ठेवला आणि तो हातातच वाजू लागला. नाव बघून वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी उचलला. पलीकडे शिवणयंत्राचा आवाज येत होता. धाकटी आता बायकांना शिवण शिकवून पोट भरत होती.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"अगं, मी सगळं सांगितलं होतं. जिन्यापासून सगळं. त्यांनी कापलं. शप्पथ सांगते, एक शब्द ठेवला नाही."

शिवणयंत्र थांबलं.

"कापलं असेल," धाकटी शांतपणे म्हणाली. "पण हसणं तुमचंच होतं ना?"