एमेट श्लेगलची गाणी

"आता माझं स्वतःचं एक गाणं," जूनी म्हणाली, आणि अर्धा हॉल बिअर आणायला उठला.

ध्वनिमुद्रणाच्या टेबलामागे डॉइलनं कपाळाला हात लावला. निम्मी दुसऱ्यांची गाणी, निम्मी जूनीची, असा लाइव्ह अल्बम आज टेक्सासमधल्या या जुन्या नाचघरात व्हायचा होता. तिची गाणी लोकांनी ऐकली तरच घ्यायची, ही अट डॉइलचीच. गाणं वाईट नव्हतं. पण ते ऐकत होत्या फक्त लोकांच्या पाठी.

"पोरी, जुनं काहीतरी म्हण!" कुणीतरी ओरडलं. "बायकोला नाचायचंय!"

"तुमच्याबरोबर? तिला विचारलंत का?"

हशा पिकला. जूनी बराच वेळ गिटार जुळवत राहिली. नजर आढ्याखालच्या विटलेल्या जाहिरातींच्या फळ्यांवर. गिटार जुळवताना ती नेहमी वरच बघायची. देवाचं नाव घेत असावी, असं डॉइलला वाटायचं.

"बरं," ती म्हणाली. "हे माझं नाही. एमेट श्लेगलचं आहे. इथलाच माणूस. जिवंतपणी बिचाऱ्याला कुणी विचारलं नाही."

हॉल चिडीचूप झाला. एकानं तर टोपी काढली.

बायको सोडून गेल्यावरही ट्रकमधली तिची जागा रोज पुसून ठेवणाऱ्या माणसाचं गाणं होतं ते. दुसऱ्या कडव्याला डॉइलचे डोळे भरून आले. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"एमेट ना? याच बाकावर बसायचा," बारमागचा बक हळूच म्हणाला. "फार अबोल माणूस."

"अबोल कसला!" त्याची बायको डोळे पुसत म्हणाली. "माझ्याशी तर तासन्‌तास बोलायचा."

बकनं ग्लास पुसायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

जूनीनं एमेटची आणखी चार गाणी म्हटली. लोक नाचले, रडले, रडत रडत नाचले.

कार्यक्रम संपल्यावर डॉइल तिच्याजवळ आला. "अल्बम झकास होणार. पण जूनी, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझं गाणं गाळावं लागेल. एमेटची पाचही ठेवतो. लिहावं तर त्या माणसानं!"

"तुम्ही म्हणाल तसं," जूनी मान खाली घालून म्हणाली.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा पुढे आला आणि त्यानं जूनीचा हात हातात घेतला.

"तुम्हीही एमेट श्लेगलला ओळखायचात का, आजोबा?" डॉइलनं आदरानं विचारलं.

"दोघांनाही," म्हाताऱ्यानं काठी वर आढ्याकडे केली. "ही अलीकडची फळी एमेटची, घोड्यांना नाल ठोकायचा. आणि ती पलीकडची फळी श्लेगलची, पवनचक्क्या दुरुस्त करायचा. दोन्ही फळ्या मीच रंगवल्यात. पण गाणं? छे हो, दोघांपैकी एकालाही दोन ओळी जुळवता येत नव्हत्या."