तिसऱ्या रविवारची हरकत

"कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी," पाळकसाहेबांनी वाचलं आणि सवयीने पान उलटलं.

फेथ उभी राहिली. तिला चक्करच आली असणार, असं शेजारणीला वाटलं. शिरूरच्या त्या जुन्या चर्चमध्ये लग्नाची सूचना तीन रविवार वाचली जाते; आजचा तिसरा. हरकतीला कधी कोणी उठत नाही, आणि नवरी तर नाहीच नाही.

"बस खाली!" आईने, नॅन्सीबाईंनी, तिची ओढणी खेचली.

"हरकत माझीच हाय," फेथ म्हणाली.

गेल्या महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तिचं जठर पाहिलं, रक्त तपासलं. आत बारीक बारीक गाठी निघाल्या. शरीरातल्या ग्रंथींचा हा आजार पिढीजात असतो, त्यातूनच पोटात गाठी होतात, असं ते म्हणाले. तिचे वडील सॅम्युएल रक्ताच्या उलट्या होऊन गेले होते. घरात त्याला पित्त म्हणत. आजोबांनाही पित्तच होतं म्हणे. डॉक्टरांचं ऐकून वडिलांचे भाऊ सत्यवानकाका भडकले होते. "घराण्याला बट्टा लावू नको. लग्न होईस्तवर गप ऱ्हा. झाकली मूठ सव्वा लाखाची!" मूठ यांची, आणि फसणार दुसऱ्याचा पोरगा. फेथला तेव्हापासून त्या म्हणीचीच चीड येत होती.

"माझ्या पोटात गाठी हायेत," ती आता सगळ्यांसमोर म्हणाली. "वडलांकडून आलेला आजार हाय. लवकर कळलं म्हणून इलाज तरी व्हतोय. पर उद्या माझ्या लेकरांत बी उतरंल. स्टीफनला यातलं कायबी ठाऊक न्हाई. त्याला फसवून मला लग्न करायचं न्हाई."



स्टीफन रांजणगावची रात्रपाळी उरकून कंपनीच्या शर्टातच आला होता. तो उठू लागला तशी त्याच्या वडिलांनी त्याचं मनगट धरलं. फेथ त्या धरलेल्या मनगटाकडेच बघत राहिली.

स्टीफनने मनगट सोडवून घेतलं.

"मला हरकत न्हाई," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून जरा रागानेच, "पर दवाखान्यात एकटी जात जाऊ नको."

नॅन्सीबाई रडू लागल्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. काय करावं ते न सुचून त्यांनी पुन्हा विचारलं, "आणखी कोणाची हरकत?"

मागच्या बाकावरून सत्यवानकाका उठले.

नॅन्सीबाईंचं रडं जागच्या जागी थांबलं. हा माणूस आता भर चर्चमध्ये पोरीची सालटी काढणार. फेथनेही मनाची तयारी केली. काका तिच्याकडे बघत होते. त्यांनी एक हात बाकावर टेकला होता, दुसरा पोटावर दाबून धरला होता.

"पोरी," ते म्हणाले, "ते रक्त कुठं तपासत्यात गं? मला बी पित्तच हाय."